मण्यांनी मढविलेली टोपी
(हस्तव्यवसाय शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

टोपी ही नित्य वापरातील वस्तू असल्यामुळे तिच्याकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. वास्तविक मनुष्याच्या अंगावरील सर्व वस्त्रांत त्याची ओळख सर्वांत लवकर पटवून देणारे वस्त्र म्हणजे शिरोभूषण होय. पूर्वी बाजारात समोरून येणाऱ्या माणसाचे पागोटे, फेटा वा पगडी पाहून तो कोणत्या भागातला, कोणत्या धंद्याचा व कोणत्या मानाचा, हे जाणती माणसे लांबूनच सांगत असत. पुढे पांढऱ्या खादीची साधी टोपी आली आणि तिने हे सारे भेद एका घडीत झाकून टाकले. टोपी घालणे आणि एखाद्यास टोपी घालणे यांत आपल्या भाषेने केवढे अंतर ठेवले आहे, हे शिक्षकांस सांगावयास नकोच.

प्रस्तुत लेखात एका परक्या टोपीची हकिगत द्यावयाची आहे. ती टोपी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील, तिच्यावरील कारागिरी उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी स्त्रियांची, आणि त्या कारागिरीचे मणी व्हेनिस व बोहेमिया येथील काचभट्ट्यांतले. तीन दिशांनी आलेल्या या गोष्टी एका हातभर मखमलीवर कशा एकत्र आल्या, हे पाहिले असता हस्तव्यवसाय म्हणजे केवळ तासाची भरती नव्हे, हे ध्यानात येईल.

प्रथम टोपीविषयी. तिचे नाव ग्लेनगॅरी. आपल्या गांधी टोपीप्रमाणे ती नावेच्या आकाराची, लांबट व घडी घालता येण्याजोगी असते; मात्र ती जाड लोकरीची असून तिच्या मागील बाजूस दोन काळ्या फिती लोंबत असतात. काही पलटणींच्या टोपीवर कडेने तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची पट्टीही असते. ग्लेनगॅरी या प्रदेशाचा सरदार मॅक्डोनेल याने ती प्रचारात आणली, असे परंपरेने सांगितले जाते. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज १८२२ साली एडिंबरोस गेला, त्या प्रसंगी स्कॉटिश वेषाचे मोठे स्तोम माजले. पुढे व्हिक्टोरिया राणीने स्कॉटलंडमध्ये बालमोरल येथे आपले निवासस्थान केले, तेव्हा तर चौकड्यांची कापडे आणि स्कॉटिश टोप्या यांची इंग्रजी घरांत चालच पडली. सैनिकाची टोपी शहरातील गृहस्थाच्या आणि शाळकरी मुलाच्या डोक्यावर आली. कॅनडात स्कॉटिश पलटणी आणि स्कॉटिश वसाहतवाले पुष्कळ होते. त्यामुळे ही टोपी तेथील रस्त्यांत रोजच दिसू लागली.

आता ज्या स्त्रियांनी ती हाती घेतली त्यांजविषयी. आजच्या न्यूयॉर्क राज्यात व त्याला लागून असलेल्या कॅनडाच्या भागात हौडेनोशौनी या लोकांची वस्ती फार प्राचीन काळापासून आहे. या नावाचा अर्थ ‘लांब घर बांधणारे लोक’ असा आहे. युरोपियनांनी त्यांस इरोक्वॉय हे नाव दिले. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायूगा व सेनेका अशा पाच राष्ट्रांचा हा संघ होता. दक्षिणेकडील कॅरोलायना प्रांतात वसाहतवाल्यांशी झालेल्या युद्धात पराभूत होऊन टस्कारोरा लोक उत्तरेकडे आले, आणि १७२२ च्या सुमारास ते या संघातील सहावे राष्ट्र झाले. या समाजात शेती स्त्रियांची. मका, घेवडा व भोपळा ही तीन पिके त्या एकत्र पेरीत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत. कुळ आईकडून चाले, आणि कुळाच्या वडीलधाऱ्या स्त्रियांस नायक निवडण्याचा व प्रसंगी काढून टाकण्याचाही अधिकार होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; कारण पुढे बाजारात जाऊन स्वतःच्या नावाने व्यवहार करणाऱ्या ज्या स्त्रिया आपणांस भेटणार आहेत, त्यांना ते धैर्य कोठून आले हे त्यावरून समजते.

या लोकांची स्वतःचीही शिरोभूषणे होतीच. त्यांच्या पुरुषांच्या टोपीस गस्तोवे म्हणतात. तिच्यावर उभ्या व आडव्या पिसांची जी संख्या असते तीवरून मनुष्य कोणत्या राष्ट्राचा हे कळते. मोहॉक असेल तर तीन पिसे उभी. सेनेका असेल तर एकच उभे. टस्कारोरा असेल तर एकही पीस उभे नसते. म्हणजे आपल्याकडे पागोट्याच्या पिळावरून जे ओळखले जाई तेच तेथे पिसांवरून ओळखले जाते.

मण्यांचे काम त्यांना युरोपियनांनी शिकविले असे कोणी समजू नये. काचेचे मणी येण्यापूर्वी या स्त्रिया साळिंदराचे काटे भिजवून, चपटे करून, रंगवून कातड्यावर त्यांची नक्षी बसवीत. समुद्रातील शिंपल्यांपासून केलेल्या पांढऱ्या आणि जांभळ्या मण्यांचे पट्टेही या लोकांत विणले जात. या पट्ट्यांस वॅम्पम म्हणतात. ते दागिने नव्हेत, तर करारांचे लेख होत. राष्ट्राराष्ट्रांत जो तह ठरे त्याची खूण म्हणून पट्टा दिला जाई, आणि तो हाती धरून जाणता मनुष्य तहातील कलमे तोंडाने म्हणून दाखवी. यांपैकी एका प्रसिद्ध पट्ट्यावर पांढऱ्या पृष्ठभागावर जांभळ्या मण्यांच्या दोन समांतर ओळी आहेत. एक ओळ म्हणजे गोऱ्या लोकांचे जहाज, दुसरी म्हणजे आपली होडी. दोन्ही एकाच नदीतून शेजारीशेजारी चालतील, परंतु कोणी कोणाचे सुकाणू धरणार नाही, असा तिचा अर्थ हे लोक सांगतात. ज्यांच्या हातांत मण्यांना शब्दाइतके वजन होते, अशा लोकांत काचेचे मणी आले. ते बारीक, तयार भोक पाडलेले आणि नाना रंगांचे असल्यामुळे लवकरच सर्वत्र पसरले. सुई पोलादाची मिळू लागली, मखमल व रेशमी फीत दुकानांतून मिळू लागली. साहित्य बदलले, पण बोटांची सवय जुनीच राहिली.

बाजारासाठी काम करण्याची पाळी मात्र आनंदाने आली नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर या लोकांच्या जमिनी तहांच्या, खरेदीखतांच्या आणि अनेकदा उघड लबाडीच्या मार्गाने एकामागून एक गेल्या. शिकारीचे रान गेले, मक्याची शेते आकुंचित झाली. थोड्याशा राखीव भूमीवर कुटुंब पोसावयाचे, तर रोख पैसा हवा. आणि तो आणण्याचे साधन स्त्रियांच्या सुईत होते.

दैवयोगाने टस्कारोरांची वस्ती नायगारा धबधब्यापासून काही मैलांवरच होती. १८२५ साली ईरी कालवा पुरा झाला, त्यानंतर आगगाड्याही आल्या, आणि धबधबा पाहावयास येणाऱ्या प्रवाशांची रीघ लागली. प्रवासी म्हटला की त्याला घरी नेण्यासाठी काही तरी वस्तू हवी असते. पंढरपूरहून परतणारा मनुष्य बुक्का आणि तुळशीची माळ घेतल्याविना गाडीत बसत नाही, तसेच हे. धबधब्याच्या काठची जमीन पोर्टर नावाच्या कुटुंबाची होती. १८१२ साली सुरू झालेल्या इंग्रज-अमेरिकन युद्धात, १८१३ च्या डिसेंबरात लुइस्टन गावावर हल्ला झाला असता टस्कारोरांनी गावकऱ्यांचा बचाव केला. त्या उपकारास्तव पोर्टर कुटुंबाने आपल्या भूमीवर मणिकाम विकण्याचा हक्क टस्कारोरा स्त्रियांस दिला, असे ते लोक आजवर सांगत आले आहेत. लुइस्टन येथे त्या प्रसंगाचे स्मारक २०१३ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी उभारण्यात आले.

या स्त्रिया टाचण्यांच्या गाद्या, बटवे, घड्याळ अडकविण्याचे खिसे आणि टोप्या घेऊन बसत. इतर वस्तू अनेक ठिकाणी वर्णिलेल्या आहेत. आपणांस टोपीपुरते पाहावयाचे आहे.

टोपी करण्याची रीत अशी. गडद रंगाची मखमल घ्यावयाची. काळी, जांभळी किंवा मरून रंगाची. मखमल गडद असण्याचे कारण उघड आहे, पांढरे, फिके निळे, पिवळसर व पारदर्शक मणी तिच्यावर उठून दिसतात. टोपीच्या दोन बाजूंचे दोन तुकडे आणि माथ्याचा एक लांबट तुकडा असे बेतून घेत. प्रत्येक तुकड्याच्या मागे जाड कापडाचा आधार. नंतर पान, फूल, कळी यांचे आकार कागदात कातरून ते मखमलीवर कच्च्या टाक्यांनी बसवीत. हा कागद पुढे काढावयाचा नसे. तो मण्यांच्या खालीच राहतो, आणि त्यामुळे आजही जुन्या टोपीचे टाके उसवले असता आत छापील वर्तमानपत्राचा तुकडा सापडण्याचा संभव असतो.

आता खरी मख्खी. आपल्याकडे तोरण किंवा रुखवतातील आसन करताना मणी एकमेकांस चिकटून सपाट बसवितात. या स्त्रिया तसे करीत नसत. समजा, पानाच्या मध्यशिरेपासून कडेपर्यंतच्या अंतरात सहा मणी मावतात. तर त्या सुईत आठ किंवा नऊ मणी ओवून तेवढ्याच अंतरावर टाका घालीत. जास्तीचे मणी कोठे जाणार? ते वर उचलले जाऊन कमान होते. अशा कमानी एकीस एक लावून घातल्या म्हणजे पान मखमलीवर फुगून उभे राहते, जणू दगडात कोरलेले. याला उठावाचे मणिकाम म्हणावे. वरवर पाहता यात विशेष काही नाही असे वाटते. परंतु एक मणी कमी झाला तर कमान बसते, एक अधिक झाला तर ती आडवी पडते, आणि दोरा सैल राहिला तर सारे पान काही महिन्यांत लोंबू लागते. दोऱ्याचा ताण सबंध टोपीभर सारखा राखणे हीच यातील कसोटी होय. सर्व तुकडे भरून झाले म्हणजे सुती कापडाचे अस्तर लावून ते जोडीत, आणि कडेने रेशमी फितीचा गोट शिवीत. शतकाच्या पूर्वार्धातील मणी फार बारीक आहेत. १८६० च्या सुमारानंतर ते जाड होत गेले व उठाव वाढत गेला. प्रस्तुत लेखकास पहिल्या काळातील काम अधिक आवडते. पुढील काळातील उठाव डोळ्यांत भरतो खरा, पण पानाची नाजूक वळणे त्यात कोठे तरी हरवतात.

या टोप्या घेणारे लोक त्यांवरील फुले पाहून खूष होत. त्या काळी इंग्रजी घरांत फुलांच्या भरतकामाची मोठी आवड होती. तेव्हा या बिचाऱ्या रानटी स्त्रिया आमची नक्कल किती छान करतात, असा त्यांचा समज. पण करणारीच्या मनात काय होते? हौडेनोशौनी लोकांच्या सृष्टिकथेत वरच्या लोकात प्रकाशाची फुले असलेला एक वृक्ष आहे. त्या वृक्षाशेजारून एक गर्भवती स्त्री खाली पडली, पाणपक्ष्यांनी तिला पंखांवर झेलले, कासवाने तिला पाठीवर घेतले, आणि त्या पाठीवर मातीचा कण वाढत वाढत पृथ्वी झाली. रानातील स्ट्रॉबेरी हे त्यांच्या वर्षातील पहिले फळ असून तिच्या नावाने उन्हाळ्याच्या आरंभी उत्सव होतो. ही फुले, ही फळे, हे पक्षी या स्त्रियांच्या नित्याच्या प्रार्थनेतील होते. विकत घेणाऱ्याने फूल घेतले. देणारीने काय दिले हे त्याला कळले नाही, आणि कळावे अशी तिची अपेक्षाही नसावी.

हा दुहेरी अर्थ असल्यामुळेच ही टोपी केवळ शोभेची वस्तू राहत नाही. तिचा घाट परक्या सैन्याचा. ज्या सत्तेच्या पलटणींनी त्या मुलखात छावण्या घातल्या त्यांच्याच डोक्यावरचा. त्या घाटावर जिंकल्या गेलेल्या लोकांनी आपला वरचा लोक रेखला आणि तो जिंकणाऱ्यांनाच दाम घेऊन विकला. याला शरणागती म्हणावे की चातुर्य, याविषयी मतभेद होऊ शकतील. आम्हांस ते चातुर्य वाटते; पण पोटाची निकड नसती तर ते चातुर्य दाखविण्याची वेळ आली नसती, हेही तितकेच खरे.

पदार्थसंग्रहालयांनी दीर्घकाळ या कामास दुय्यम मानले. ‘अस्सल’ म्हणजे युरोपियनांचा स्पर्श न झालेले, अशी संग्राहकांची व्याख्या होती. प्रवाशांस विकण्यासाठी केलेली टोपी त्या व्याख्येत बसेना. ही दृष्टी सावकाश बदलली. कॅनडातील कलेतिहासज्ञ रूथ फिलिप्स यांनी १९९८ साली या प्रकारच्या विक्रीच्या कलावस्तूंवर सविस्तर ग्रंथ लिहिला. पुढील वर्षी मॉन्ट्रिऑलच्या मॅककॉर्ड संग्रहालयात हौडेनोशौनी मणिकामाचे मोठे प्रदर्शन भरले, आणि त्याच्या योजनेत त्या समाजांतील लोकही सहभागी होते.

एका नावाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. सेनेका राष्ट्रातील कॅरोलाइन पार्कर ही तरुणी ऑल्बनी येथील अध्यापक-विद्यालयात शिकली. म्हणजे आपल्याच व्यवसायाच्या शिक्षणातून गेलेली. लुइस हेन्री मॉर्गन या अभ्यासकाने १८४९ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहासाठी वस्तू जमविल्या, तेव्हा मण्यांनी भरलेली वस्त्रे तिने स्वतः करून दिली, आणि ती वस्त्रे अंगावर घातलेले तिचे छायाचित्रही उपलब्ध आहे. मॉर्गनच्या १८५१ सालच्या इरोक्वॉयविषयक ग्रंथास या पार्कर कुटुंबाचे फार साहाय्य झाले. तिचा भाऊ एली पार्कर हा पुढे अमेरिकन यादवी युद्धात जनरल ग्रँटच्या हाताखाली होता, आणि १८६५ साली शरणागतीच्या अटींची शुद्ध प्रत त्याच्या अक्षरात लिहिली गेली. इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या, दोन्ही जगांत वावरणाऱ्या स्त्रीने सुई खाली ठेवली नाही, ही गोष्ट आपल्याकडील ज्या पालकांना मुलगी शिकली की हातकाम विसरते अशी धास्ती वाटते त्यांना सांगण्याजोगी आहे.

यानंतरचा काळ शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण त्यात शाळेचा वाटा आहे आणि तो अभिमानास्पद नाही. १८७९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली व ती १९१८ पर्यंत चालली. तिच्या नमुन्यावर इतरत्रही अनेक शाळा निघाल्या. मूल आले की त्याचे केस कापावयाचे, घरचे कपडे काढून घ्यावयाचे, नाव बदलावयाचे, आणि घरची भाषा बोलल्यास शिक्षा करावयाची, असा तेथील शिस्तीचा क्रम होता. आईने मणी लावून दिलेले जोडे शाळेच्या दारातच उतरवावे लागत. अशा शाळांतून बाहेर पडलेल्या पिढीच्या हातांत सुई नव्हती, आणि आजीची भाषा कानांत नव्हती.

जमिनीचे संकटही संपले नव्हते. नायगाऱ्याच्या पाण्यावर वीज काढण्यासाठी जलाशय हवा म्हणून टस्कारोरांच्या राखीव भूमीचा भाग घेण्याची योजना १९५७-५८ साली पुढे आली. लोकांनी विरोध केला, मोजणीदारांच्या गाड्यांपुढे स्त्रिया आडव्या झाल्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६० साली निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. सुमारे साडेपाचशे एकर जमीन पाण्याखाली गेली. कोयनेच्या व उजनीच्या काठी ज्यांनी गावे उठताना पाहिली, त्यांना या आकड्यापलीकडचे समजावून सांगण्याचे कारण नाही.

इतके होऊनही मणिकाम मेले नाही. काही घरांत आई-मुलीच्या परंपरेने ते टिकले, काही ठिकाणी जुन्या टोप्या पाहून, टाके मोजून ते पुन्हा शिकले गेले. आज ते वर्गांतून शिकविले जाते, आणि घाट मात्र पुन्हा बदलला आहे. आता ग्लेनगॅरी कोण घालतो? आजची रोजची टोपी म्हणजे पुढे चोच असलेली, बेसबॉल या खेळाची; आपली मुले क्रिकेटसाठी घालतात तीच. सहा पाकळ्यांचा घुमट आणि पुठ्ठा घातलेली चोच अशी तिची रचना. अमेरिकेतील अनेक मूळ राष्ट्रांचे कारागीर या टोपीची चोच आणि पुढील भाग मण्यांनी भरतात. यात वापरला जाणारा मणी बहुधा अकरा क्रमांकाचा. दोऱ्यात ओवले असता एका इंचात असे अठराच्या आसपास मणी बसतात. मण्याचा क्रमांक जितका मोठा तितका मणी बारीक, हे खरेदी करताना ध्यानात असावे. एका टोपीस हजारो मणी आणि कित्येक दिवसांचे श्रम लागतात. म्हणून तिची किंमत ऐकून लोक दचकतात, आणि म्हणूनच यंत्रावर छापलेल्या नकला निघतात. १९९० साली अमेरिकेत झालेल्या कायद्यान्वये, मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांनी केलेली म्हणून विकणे हा गुन्हा ठरला आहे.

आता उरली पदवीची टोपी. चौकोनी, सपाट माथ्याची व गोंडा लोंबणारी ही काळी टोपी मूळची युरोपातील धर्मोपदेशकांची, आणि पुढे विद्यापीठांची. अमेरिकेत माध्यमिक शाळेच्या अखेरीसही समारंभपूर्वक ती घालण्याची रीत आहे. ज्यांच्या पणजोबांचे केस शाळेने कापले, त्या घरांतील मुले शाळा पुरी करतात तेव्हा आजी वा मावशी या काळ्या चौकोनाच्या कडेने आपल्या राष्ट्राची नक्षी मण्यांत भरून देते, आणि क्वचित तीवर मानाचे गरुडपीस बांधते. काही शाळांनी यास आक्षेप घेतला. सर्वांचा वेष एकसारखा असावा, टोपीवर काही लावू नये, हा त्यांचा नियम. ॲरिझोना राज्यात २०१९ साली अशी टोपी घालून आलेल्या एका विद्यार्थिनीला समारंभात प्रवेश मिळाला नाही. तिच्या घरच्यांनी न्यायालयात दाद मागितली. २०२१ साली त्या राज्याने असा वेष घालू देण्याचा कायदा केला, आणि २०२२ साली वरिष्ठ न्यायालयाने तिचा दावा चालविण्याजोगा आहे असे ठरविले. माँटाना राज्यात २०१७ साली, कॅलिफोर्नियात २०१८ साली असे कायदे झालेले होते. ओक्लाहोमात २०२३ साली राज्यपालांनी नकार दिला असता विधिमंडळाने तो नकार डावलून कायदा संमत केला.

गणवेष सर्वांचा एक असावा या तत्त्वात खोट नाही. गरीब-श्रीमंत मुलांतील अंतर त्यामुळे झाकले जाते, आणि आपल्या शाळांत त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु अंतर झाकणे निराळे आणि ओळख पुसणे निराळे. यांमधील सीमा कोठे आहे हे नियमाच्या पुस्तकात नेहमीच सापडत नाही. आपल्याकडेही इंग्रज अमदानीतील झगा जाऊन पदवीदानात पगडी आली, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या समारंभात पुणेरी पगडी असावी की फुले पगडी, यावरून वाद उपस्थित झाला होता. डोक्यावरच्या वस्त्रात इतिहास किती असतो, हे त्यावरून दिसले.

आता वर्गात काय करता येईल याविषयी थोडेसे. हे काम इयत्ता पाचवीच्या खालील मुलांस देऊ नये. सुई बारीक आणि डोळ्यांस ताण फार. त्याखालील वर्गांत जाड मणी व जाड दोरा घेऊन पुठ्ठ्याच्या भोकांतून ओवण्याचा सराव द्यावा. मोठ्या मुलांसाठी मखमलीची आवश्यकता नाही. जुन्या गडद पातळाचा तुकडा, त्यामागे गोणपाटाचा वा जाड मांजरपाटाचा आधार, जुन्या वहीचा पुठ्ठा किंवा जाड कागद, दोन रंगांचे मणी आणि मेण लावलेला सुती दोरा एवढे पुरे. प्रथम एकच पान करवून घ्यावे. सहा मण्यांच्या जागेत आठ मणी घातल्यावर कमान कशी उठते, हे मुलांनी स्वतः पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. गणिताच्या तासास येथे आपोआप काम मिळते. पानाच्या टोकाकडे अंतर कमी होत जाते, तेव्हा प्रत्येक ओळीत किती मणी घ्यावेत याचा तक्ता मुलांनीच करावा. पान साधले की टोपी. घरातील कोणतीही जुनी टोपी चालेल. आजोबांची, वडिलांची वा मुलाची स्वतःची. चोचीच्या टोपीवर काम करताना चोचीच्या पुठ्ठ्यातून सुई काढण्याचा प्रयत्न करू नये. कापडावर भरलेला तुकडा वेगळा करून मग तो वरून शिवावा.

नक्षी कोणती घ्यावी? हौडेनोशौनींची नक्षी हुबेहूब उतरवू नये. तिच्यात त्यांची देवकथा आहे आणि ती आपल्या मुलांची नव्हे. मुलांना घरी पाठवून आजीस विचारावयास सांगावे की तिच्या लुगड्याच्या काठावर, अंगावरील गोंदणात, दारापुढील रांगोळीत, बाळाच्या कुंचीवर काय काय होते व त्याला ती काय म्हणत असे. तिने सांगितलेले नाव मुलाने कागदाच्या आकारावर लिहावे, आणि तो कागद मण्यांखाली तसाच राहू द्यावा. वर्गात निरनिराळ्या गावांतून, निरनिराळ्या समाजांतून आलेली मुले असतील तर टोप्याही निरनिराळ्या होतील. त्या सारख्या करण्याचा आग्रह धरू नये. ज्या मुलाच्या घरी आजी नाही किंवा जे ऊसतोडीच्या हंगामात तात्पुरते आपल्या शाळेत आले आहे, त्याला शेजारच्या मुलाची नक्षी देऊ नये. त्याच्या मूळ गावाकडे काय असते ते त्याच्याकडूनच बोलते करावे. वेळ लागला तरी चालेल.

या कामास आठवड्यातून दोन तास धरल्यास साधारणपणे एक सत्र लागेल. मणी जमिनीवर सांडू नयेत म्हणून प्रत्येक जोडीस एक ताटली द्यावी, आणि ताटलीत जुन्या घोंगडीचा तुकडा अंथरावा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. सुया तासाच्या आरंभी मोजून द्याव्यात व अखेरीस मोजून परत घ्याव्यात.